कुसाआक्काच्या दारावर

नाना गेले त्याला महिना होत आला, तरी त्यांचा फोन आरवायचा थांबला नव्हता. आईनं तो स्वयंपाकघराच्या कपाटात, तांदळाच्या डब्यावर ठेवला होता. लोकांचे फोन येतात म्हणून हर्षाली तो रात्री चार्ज करून पुन्हा तिथंच ठेवायची. तिथून तो अधूनमधून कोंबड्यासारखी बांग द्यायचा. भेटायला आलेली माणसं दचकायची आणि कुणीतरी विचारायचंच, "कोंबडा पाळलाय का हो?"

"मी नाही," आई म्हणायची. "ह्यांनी."

जेलरोडच्या त्या रो-हाउसमध्ये आता दोघीच राहत होत्या. आई, म्हणजे कुसाबाई, आणि हर्षाली. हर्षाली एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती. मरणावर तिनं आजवर बरंच वाचलं होतं, पण ऐन वेळी त्यातलं काहीच उपयोगी पडलं नाही. मृत्यूच्या दाखल्याच्या जास्तीच्या प्रती आधीच काढून ठेवाव्यात, हे कुणीतरी सांगितलेलं तेवढं उपयोगी पडलं. रडायचं मात्र राहून गेलं होतं. पाहुण्यांचा चहा, सही लागणारे कागद, आईच्या गोळ्या, यात ती सवड काढीन म्हणत होती.

आईही रडली नव्हती. ती रागावली होती. नाना एकलहऱ्याच्या वीज केंद्रात टर्बाइनवर होते, आणि निवृत्त होताना कान तिथंच ठेवून आले, असं ती म्हणे. हाक मारली तरी उत्तर यायचं नाही. ती स्वयंपाकघरातून बोलत राहायची आणि नाना बाहेरच्या खोलीत झोपाळ्यावर बसून फोनवर बोट फिरवत राहायचे.

"शेवटची तीन वर्षं त्या डबड्याकडं बघत काढली," आई आल्यागेल्याला सांगे. "माझ्याशी चार शब्द नाही बोलले. मी बोलले तेही नाही ऐकले."

त्या दिवशी आई अंघोळीला गेली आणि कोंबडा पुन्हा आरवला. हर्षालीनं कपाट उघडलं, फोन बंद करायला म्हणून हातात घेतला, आणि बंद करण्याऐवजी उघडला.

आत एक गाव होतं. हिरवी शेतं, लाल कौलांची घरं, एक विहीर आणि प्रत्येक बांधावर मालकाच्या नावाची पाटी. शेतीचा खेळ होता तो. 'हिरवं शिवार' असं त्याचं नाव. खरी माणसं आपापल्या घरी बसून त्यात नांगरायची, पेरायची, एकमेकांच्या पिकाला पाणी द्यायची. नानांचा जन्म निफाडकडचा. शेती भावांकडे सोपवून ते विजेत आले होते. समोरच्या शेतात ऊस वाळून पिवळा पडला होता आणि बांधावरच्या पाटीवर लिहिलं होतं, 'कुसाबाई'.

हर्षालीला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. फोन तिनंच घेऊन दिला होता, आईला. खातंही आईच्याच नावानं उघडून दिलं होतं. आईनं त्याला हात लावायचं नाकारलं, म्हणून तो नानांकडे गेला. खेळानं खात्यावरचं नाव उचललं असणार. नाव बदलायला खेळातले पुष्कळ हिरे पडत होते, आणि नाना असल्या गोष्टीला हिरे घालवणाऱ्यांतले नव्हते. कुणीतरी पहिल्यांदा 'कुसाआक्का' म्हणून हाक मारली असेल, आणि बाईमाणसाचं बोलणं खोडून काढायचा नानांचा स्वभाव नव्हता.

गावात एक चावडीही होती. तिथं सगळे लिहायचे. नवं आलं की जुनं पुसलं जायचं, शेवटची काही वाक्यं तेवढी राहायची.

"आक्का, कुठं हाय तुम्ही?" निफाडच्या विमलाबाईंनी विचारलं होतं. "ऊस वाळला की तुमचा."

"आक्का, तुमच्या वाटणीचं पाणी मी घालतोय, पण मला रात्रपाळी आहे," असं मनमाडच्या संतोषनं लिहिलं होतं.

"आक्का, तुम्ही सांगितलं तसं सासूबाईंशी बोलले. बोला ना," सिन्नरच्या पूजाचं होतं.

आणि या सगळ्यांच्या वर, सगळ्यात जुनं, पुसलं जायच्या बेतात असलेलं नानांचं वाक्य होतं, "आता कुकर लावते, मग येते."

नानांनी जन्मात कुकर लावला नव्हता. हर्षाली त्या वाक्याकडे बघत उभी राहिली. त्याच दुपारी ते जरा पडतो म्हणून आडवे झाले, ते पुन्हा उठले नव्हते.

बाथरूममधला तांब्याचा आवाज थांबला. काय लिहावं? आक्का म्हणजे माझे वडील होते, मिशा असलेले, असं लिहिलं तर ही माणसं स्वतःला फसवली गेली समजतील. बाप्या बाई होऊन बायकांत बसला, असं नानांचं नाव होईल. त्यांना कुणी हसलेलं तिला चाललं नसतं. आणि आईला कळलं तर? बोलायचं नाही ते नाहीच, वर माझं नाव घेऊन जगाशी गप्पा, म्हणेल. थोडक्यात लिहायची हर्षालीला सवय होती. तिनं लिहिलं, "कुसाआक्का आता आपल्यात नाहीत. त्यांची मुलगी."

पाठवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण एका ओळीत आईला मारून टाकलं आहे. आई तेवढ्यात केस पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "चहा टाक."

चावडीवर हुंदक्यांचा पूर आला, आणि नव्या वाक्यांच्या रेट्यानं नानांचं कुकरचं वाक्य वर सरकून पुसलं गेलं. तिनं बोटानं खाली ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं. ते परत आलं नाही. मग ती चहा टाकायला गेली, आणि साखर दोनदा घातली.

त्यानंतर ती रोज सकाळी, आई अंघोळीला गेली की, गुपचूप उसाला पाणी घालायची. चौथ्यापाचव्या दिवशी संतोषनं लिहिलं, "ताई, आम्ही रविवारी दारावर येतोय. मी, विमलाबाई आणि पूजाताई."

आमच्या बाजूला मयताच्या घरी जाऊन बसण्याला दारावर जाणं म्हणतात. सोयरा असो, शेजारी असो, नाही तर नुसती ओळख असो, दारावर गेल्याशिवाय माणूस गेल्याचं खरं होत नाही.

"कृपया तसदी घेऊ नका," हर्षालीनं घाईनं लिहिलं.

"तसदी कसली, ताई."

"खरंच नको. घर सापडायचं नाही."

"पत्ता हाय की," विमलाबाई. "कुरडयांच्या पार्सलावर व्हता."

कुरडया. हर्षालीनं फोन ठेवला आणि भिंतीला टेकली. दर उन्हाळ्यात आई डबाभर कुरडया करायची आणि पावसाळा लागेपर्यंत डबा अर्ध्यावर यायचा. कुरडया गच्चीवर वाळायच्या आणि दोन्ही घरांच्या गच्च्या लागून होत्या, तेव्हा आईनं चोर ठरवला होता तो शेजारच्या लताबाईंना. दोन वर्षं बोलणं बंद होतं. नाना गेले त्या दिवशी लताबाई येऊन तासभर बसल्या, तरी आईनं मान वर केली नव्हती. आणि खरा चोर या काळात झोपाळ्यावर बसून म्हणत होता, "असेल बुवा. लोक काय काय करतात."

रविवार आला तशी हर्षालीनं आईला बाहेर काढायचा प्रयत्न केला.

"मामाकडे जाऊन येतेस का निफाडला? रिक्षा बोलावते."

"सव्वा महिना व्हायचाय. उंबरा ओलांडायचा नसतो."

"मग वरच्या खोलीत जरा पड."

"वर? पंखा तरी आहे का वर? तुला झालंय काय आज? नानांसारखी नजर चुकवायला लागलीस."

उरला एकच उपाय. पाहुण्यांना चौकातच गाठायचं, डेअरीशेजारच्या हॉटेलात बसवायचं, खरं काय ते सांगायचं आणि तिथूनच परत लावायचं. दूध आणते म्हणून हर्षाली चौकात जाऊन उभी राहिली. येणारी प्रत्येक रिक्षा तिनं वाकून पाहिली. पण संतोष हा रेल्वेचा माणूस. त्यानं फोनवरच्या नकाशात जवळचा रस्ता काढला आणि सगळ्यांना मागच्या गल्लीतून आणलं. हर्षालीला ते कळलं ते थेट आवाजानंच.

"माझी कुसाआक्का गंऽऽ! न भेटताच गेलीस गंऽऽ!"

हर्षाली धावत फाटकाशी पोचली तेव्हा व्हायचं ते झालं होतं. नऊवारीतल्या ठेंगण्या विमलाबाई फाटकातून गळा काढतच वर आल्या होत्या. आतून आई डोक्यावर पदर घेत दारापर्यंत आली होती. कोण, कुठली, हे विचारायचा प्रसंगच नव्हता. नानांच्या भाऊबंदांतली कुणी असणार. अशा वेळी आधी गळ्यात पडतात, नातं मागून विचारतात. दोघींनी एकमेकींना मिठी मारली.

"टाकून गेले गंऽ मला!" आई रडली. महिन्यात पहिल्यांदाच.

"गेली गंऽ! माझी सोन्यासारखी आक्का!"

"एका शब्दानं नाही बोलले गंऽ!"

"मेथीचे लाडू धाडते म्हनली व्हती गंऽ!"

दोघी एकमेकींच्या खांद्यावर दोन वेगवेगळी मरणं रडत होत्या. लाडवांपाशी मात्र आईचा सूर अडखळला. तिनं डोकं मागं घेतलं.

"कोण म्हणाली लाडू धाडते?"

"कुसाआक्का. दुसरं कोन?"

"आणि गेली कोण म्हणता?"

"कुसाआक्काच की." विमलाबाईंनी पदरानं नाक पुसलं आणि आईला नीट न्याहाळलं. "तुम्ही जाऊबाई का त्यांच्या?"

"मी कुसाबाई," आई म्हणाली.

तोवर संतोष आत जाऊन हार घातलेल्या फोटोपुढे हात जोडून उभा राहिला होता. आक्कांचा फोटो शोधत त्याची नजर चारी भिंतींवर फिरली आणि पुन्हा नानांच्या मिशांवर आली.

"हे आक्कांचे मालक ना?" तो हळू आवाजात म्हणाला. "हे पण गेले? एकाच महिन्यात?"

ते ऐकून पूजाला रडू फुटलं. सिन्नरची ती तरणी सून, हातात भाकरीचं गाठोडं, आणि बापडीला दोन मरणं एकदम झेपेनात.

सगळ्यांनी हर्षालीकडे पाहिलं. ती दुधाची पिशवी धरून दारात उभी होती. थोडक्यात सांगण्यासारखं या वेळी काही नव्हतं.

"बसा," ती म्हणाली. "आक्का म्हणजे हेच. माझे वडील. खेळात नाव आईचं पडलं होतं, तेच चालत राहिलं. फोटोतले हे, ते आक्का. ही आई. ही आहे."

कपाटात कोंबडा आरवला.

पहिल्यांदा तोंड उघडलं ते विमलाबाईंनी. "म्हंजे तीन वर्सं मी एका बाप्याला आक्का म्हनत व्हते?"

"हो."

"माझ्या सुनेची समदी लफडी सांगितली मी. गुडघ्याला काय लावते ते सांगितलं. आन पल्याड मिशा?" त्या उठल्याच. "चल रे संतोष. लय झालं."

संतोष उठला नाही. तो फोटोकडे बघत होता. "माझी बदली रद्द व्हावी म्हणून आक्कांनी नवस बोलला होता," तो म्हणाला. "दर सोमवारी विचारायच्या."

"मी तर बाळंतपणाचं सगळं विचारलं होतं," पूजा ओशाळून म्हणाली. "माहेरी आई नाही ना मला. तर आक्का म्हणायच्या, थांब, कुकर बघून येते. मग बऱ्याच वेळानं यायच्या आणि सगळं बरोबर सांगायच्या. डिंकाचे लाडू कधी खायचे, शेक किती घ्यायचा..."

आईनं मान वर केली. "कधी हे?"

"मागच्या थंडीत."

"मागच्या थंडीत हे एकदा उठून स्वयंपाकघरात आले होते," आई सावकाश म्हणाली. "म्हणाले, हर्षालीच्या वेळी तुला काय काय दिलं होतं गं? मला वाटलं ह्यांचं डोकं फिरलं. तासभर सांगत बसले मी. मध्येच उठून बाहेर जायचे, पुन्हा यायचे." मग तिचा आवाज चढला. "आणि माझ्या नावानं आणखी काय काय सांगितलं ह्यांनी? मालकाबद्दल काय सांगायचे? चांगलंच सांगत असतील. पुरुषाची जात."

विमलाबाई दारापर्यंत पोचल्या होत्या. पण असा प्रश्न ऐकून पुढे जाणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. परत आल्या आणि बसल्या.

"चांगलं? लय गाऱ्हानी करायची ओ आक्का मालकाची. आमचे हे म्हंजे विजेचा खांब म्हनायची. उभं ऱ्हातील, उजेड पाडतील, पर बोलायचं नाव नाय."

आईचा हात पदरावर थांबला.

"चहात साखर कमी पडली तर बशी पुढं सरकवतात म्हणे," पूजा म्हणाली. "तोंड उघडत नाहीत."

"हाक मारली तर ऐकू येत नाही," संतोष म्हणाला, "पण भज्यांचा घाणा पडला की गल्लीच्या टोकावरून ऐकू येतो. आम्ही लई हसायचो, काकू. रोज काहीतरी असायचंच."

"हे माझं बोलणं आहे," आई म्हणाली.

"आँ?"

"शब्द न् शब्द माझा. मी स्वयंपाकघरातून बोलायचे. भांड्यांशी बोलावं तसं. हे बाहेर झोपाळ्यावर असायचे, मान खाली घालून." ती फोटोकडे वळली. "म्हणजे ऐकू येत होतं."

हर्षालीला वाटलं, आता आई चिडेल. तिनं दुधाची पिशवी खाली ठेवली आणि जवळ जाऊन उभी राहिली. आईचे खांदे हलायला लागले होते. पण ती हसत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

"विजेचा खांब," ती म्हणाली. "लिहिलं का हो असं? स्वतःला?"

विमलाबाईंनी उसासा टाकला. "बायकूची गाऱ्हानी करनारे लय पाहिले. बायकूच्या तोंडून सोताचीच गाऱ्हानी करनारा नाय पाहिला." फोटोकडे बघून त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "आक्का म्हनले ते म्हनले. आता काय दादा म्हनू? ऱ्हाऊ द्या तसंच."

दूध ठेवते म्हणून हर्षाली स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याशी तोंड करून उभी राहिली. राहून गेलेलं काम तिथं थोडंसं झालं. बाहेर कुणी हाक मारली नाही.

मग गाठोडं सुटलं. दारावर येताना आणतात तशी पिठलं-भाकरी होती, ठेचा होता. जेवताना आईनं अचानक विचारलं, "कुरडया कुणी खाल्ल्या माझ्या?"

तिघांनी माना खाली घातल्या.

"फार हलक्या झाल्या होत्या, काकू," संतोष म्हणाला.

"चिकासाठी गहू कसे भिजवायचे तेही आक्कांनी सांगितलं होतं," पूजा मदतीला धावली. "दोन दिवस ठेवायचे."

"दोन दिवस?" आईचा घास हातात राहिला. "तीन! रोज पाणी बदलून तीन दिवस. अर्धवट ऐकायची खोड गेली नाही ती नाहीच." आणि मग हर्षालीकडे न बघता म्हणाली, "लताबाईला हाक मार. म्हणावं, जेवायला ये. का ते मी सांगीन."

लताबाई आल्या. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगण्यात आलं. चोरीचा आरोप मागं घेतला जातोय हे कळेपर्यंत तो आपल्यावर होता हेच त्यांना माहीत नव्हतं. दोन वर्षं त्या समजत होत्या की कुसाबाईंना गुडघ्यांमुळं गच्चीवर येता येत नाही. त्यामुळं थोडं भांडण नव्यानं करावं लागलं, पण ते भाकरीबरोबर मिटलं.

उन्हं कलल्यावर पाहुणे उठले. दारावर आलेल्यानं निघताना 'येते' म्हणायचं नसतं. अशा घरी पुन्हा यायची वेळ येऊ नये म्हणून. विमलाबाईंनी आईचा हात धरला, सोडला आणि मागं न बघता पायऱ्या उतरल्या. संतोष आणि पूजाही नुसती मान हलवून गेले. गल्ली शांत झाली. आई उंबऱ्याच्या आत उभी राहून ते वळेपर्यंत बघत होती.

कपाटात कोंबडा आरवला.

"आण ते डबडं," आई म्हणाली. "चष्मा पण आण."

हर्षालीनं तिला झोपाळ्यावर बसवलं आणि चावडी उघडून दिली. विमलाबाईंनी रिक्षातूनच लिहिलं होतं, "दारावर म्हनू नाय म्हून तिथं नाय म्हनले. हितं म्हनते. येते आक्का."

आईनं ते ओठ हलवत वाचलं. मग फोन डोळ्यांजवळ नेऊन शेत पाहिलं. "ऊस एवढा दाटीनं लावतात का? आणि ही द्राक्षं बिनछाटणीची? निफाडच्या माणसाला शोभतं का हे?"

"पाण्यासाठी या ढगावर बोट ठेवायचं," हर्षाली म्हणाली.

"बोट ठेवलं की पाऊस? म्हणून आवडत होतं." तिनं बोट ठेवलं. पाऊस पडला. मग आई म्हणाली, "लिहायचं कुठं?"

एका बोटानं, अक्षरं शोधत शोधत, तिनं लिहिलं, 'या. गहू तीन दिवस.' हर्षालीनं पाठवायचं बटण दाखवलं आणि ती चहा टाकायला आत गेली. आधण ठेवलं, तोच बाहेरून आईचा आवाज आला. पण तो हर्षालीसाठी नव्हता.

"ऐकलं का हो? दोन नाही, तीन दिवस."

उत्तर आलं नाही. तसं ते कधीच येत नसे. आई पुढं बोलत राहिली.